बार्बानं न केलेला क्रूस

ऊएसां बेटावर शेतं बायका खणतात आणि पुरुष समुद्रावर जातात. बार्बा मालगोर्नचा जन्मही हातात कुदळ घेऊनच गेला, पण तिच्याकडं आणखी एक काम होतं. समुद्रात मेलेल्या माणसाचं प्रेत बेटावर परत येत नाही. मग चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या बुडख्यांचा बोटभर क्रूस करायचा, पांढऱ्या फडक्यावर ठेवून त्याच्यासाठी जागायचं, आणि दुसऱ्या दिवशी प्रेत न्यावं तसा तो चर्चमधल्या पेटीत नेऊन ठेवायचा. याला म्हणायचं प्रोएला. ज्याचा क्रूस होत नाही त्याचा जीव लाटांवर भटकत राहतो, हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. आणि क्रूस करावा तो बार्बानंच. तिच्या बोटांत मेण मऊ व्हायचं आणि काटकोन सुतारासारखा यायचा.

त्याच बोटांनी एकदा चूक केली होती. इंग्रजांशी चाललेल्या लढाईत ओलिएर नावाचा खलाशी बुडाला अशी खबर आली, बार्बानं क्रूस केला, सगळं बेट रडलं. पुढं एके दिवशी हा ओलिएर खांद्यावर गाठोडं टाकून धक्क्यावर उतरला. इंग्रजांच्या कैदेत होता म्हणे. पेटीतून त्याचा क्रूस परत काढावा, तर तो कोणता? मेणावर नाव थोडंच असतं? लोक त्याच्याशी बोलताना नकळत आवाज खाली आणायचे, मेलेल्याच्या घरी आणतात तसा. पुरलेला माणूस होडीत घ्यायला एकही नावाडी तयार होईना. शेवटी तो बेट सोडून गेला. बार्बाला वाटायचं, समुद्रानं सोडलेला माणूस आपण मारला.

एका सप्टेंबरात बार्बा आणि तिची सून बार्लीच्या रानात होत्या आणि तोफा वाजल्या. सगळं गाव कड्यावर धावलं. खाली दोन लढाऊ जहाजं एकमेकांना भिडली होती, एक इंग्रजांचं आणि एक आपलं, ब्रेस्त बंदराचं. आपल्या जहाजावर बार्बाचा एकुलता एक मुलगा गुलवेन होता. त्याची बायको आझेनोर सासूचा दंड धरून उभी होती. धूर इतका की डोलकाठ्यांचे शेंडे तेवढे दिसत. मग आपली मधली काठी कोसळली. थोड्या वेळानं त्यांचीही पुढची गेली. वारा पडला, दोन्ही जहाजं मेलेल्या माशांसारखी वाहत लांब गेली, आणि संध्याकाळी जे ते आपल्या बंदराच्या वाटेला लागलं. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. ब्रेस्तमध्ये विजयाच्या घंटा वाजल्या, तिकडं इंग्रजांनीही वाजवल्या. घंटा वाजवायला काय जातं?

त्या जहाजावरचा खलाशी तुआल काही दिवसांनी घरी आला. टोपी काढून तो बार्बाच्या दारात उभा राहिला.

"मावशी, गुलवेन वर शिडं बांधत होता. काठीसकट पाण्यात गेला."

"बुडाला?"

"मी पाहिलं नाही. धुरात स्वतःचा हात दिसत नव्हता. इंग्रजांची होडी पाण्यातली माणसं उचलत होती. त्यांची की आपली, देव जाणे."

रीतीप्रमाणं मरणाची खबर आणायची ती घराण्यातल्या थोरल्या काकांनी, खिडकीवर टकटक करून. 'पोरी, आज तुझ्याकडं प्रोएला आहे,' एवढंच म्हणायचं. काका दोनदा खिडकीपर्यंत आले आणि तसेच परत गेले. आत बसलेल्या बार्बानं त्यांची काठी दोन्ही वेळा ऐकली होती.

"आई," आझेनोर म्हणाली, "तो बाहेर थंडीत आहे. त्याला घरी घ्या."

"तो कैदेत आहे. क्रूस केला तर मीच त्याला मारीन. ओलिएरचं काय झालं ते बघितलंस ना?"

"आणि तो मेला असेल तर?"

बार्बा शेण्या आणायला बाहेर गेली.

पाणवठ्यावर बायकांच्या जिभा चालूच होत्या. आझेनोरला दुसरा दादला करायचाय, म्हणून क्रूसाची घाई! आणि एका भांडणात बार्बाही तेच बोलून गेली.  आझेनोरनं सासूपुढं लापशीची वाटी ठेवली आणि त्यानंतर क्रूसाचं नाव काढलं नाही. बार्बाला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. पण शब्द मागं घ्यायची त्या घराण्यात रीत नव्हती.

मग तह झाला. कैदी सुटले. बार्बानं धक्क्यावर एकेकाला गाठून विचारलं. एक म्हणाला, "आमच्यात गुलवेन नावाचा कोणीच नव्हता." दुसरा म्हणाला, "इंग्रजांकडं तुरुंग काय थोडे आहेत?" बार्बा या दुसऱ्याला धरून बसली. सगळ्या होड्या येऊन गेल्या, हिवाळाही गेला, तरी ती समुद्राकडच्या दाराला आतून कडी लावीना.

वसंतात एका दुपारी ती रानातून लवकर परतली. टेबलावर पांढरं फडकं अंथरलेलं होतं. त्यावर एक क्रूस. एक हात आखूड, दुसरा खाली लोंबलेला, मधे चीर. शेजारी आझेनोर, बोटांना मेण लागलेलं.

"मला जमत नाही, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पाद्रीबुवांना विचारलं. माझ्या हातचा चालेल म्हणाले. मला दुसरा नवरा नको, आई. याच नवऱ्याला शांत निजलेलं बघायचंय."

बार्बानं क्रूस उचलला तो चुरडण्यासाठीच. मूठ आवळली. पण वर्षानुवर्षांची सवय बोटांतून जात नाही. अंगठा आपोआप त्या लोंबत्या हाताखाली गेला आणि त्यानं तो वर उचलला. बार्बानं मूठ उघडली.

"असा वाकडा घेऊन जाणार होतीस?" बार्बा म्हणाली. "माझ्या लेकाला?"

ती चुलीजवळ बसली. तळव्यांत धरून मेण मऊ केलं, चीर बुजवली.

"आखूड हाताला पुरत नाही. आणखी एक बुडखा दे."

आझेनोरनं दिला. काटकोन नेहमीसारखा आला. बार्बानं क्रूस फडक्यावर ठेवला आणि हात मांडीवर उताणे टाकले.

"जा पोरी," ती म्हणाली. "थोरल्या काकांना सांग, आज आपल्याकडं प्रोएला आहे."