इंजनवाल्याचे कान

कल्याणला खाडीच्या अंगाला एक भाताची गिरण होती. एकोणिसावं शतक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी तिथे कारकून होतो आणि लहानथोर सगळे मला भाऊ म्हणत. गिरण चालायची घासलेटच्या इंजनावर. मुंबईच्या कुठल्याशा छापखान्यानं वापरून वापरून टाकलेलं ते धूड शेठनं स्वस्तात उचललं होतं, आणि स्वस्तात आणलेल्या वस्तूची खरी किंमत नेहमी दुसऱ्यालाच मोजावी लागते. सकाळी त्याचं डोकं दिव्याच्या आचेवर तापवायचं, मग दोघांनी मिळून जड चाक फिरवायचं. तापल्या डोक्यात पंपानं घासलेट गेलं की ते भडकायचं आणि चाकाला धक्का बसायचा. त्या धक्क्याच्या आवाजाला आम्ही ठोका म्हणायचो. दिवसभर ते ठोके ऐकून संध्याकाळी माझं डोकं पार उठायचं.

हे इंजन सांभाळायला काळुराम होता. खाडीपलीकडच्या गावातला आगरी, बाप मिठागरात राबलेला. काळुराम मात्र मीठ सोडून मुंबईला गेला आणि बॉयलर बांधायच्या कामाला लागला. हा बॉयलरच्या पोटात बसून खिळे आतून रेटून धरायचा आणि दुसरे बाहेरून घण घालायचे. ऐन जवानी त्यानं त्या लोखंडी पोटात काढली आणि तो बाहेर आला, तो कान तिथेच ठेवून. आमच्याकडे लागला तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

हे गिरणीत माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसायचो म्हणून मला कळलं, आणि मी गप्प राहिलो. बहिऱ्याच्या हाती इंजन द्यायला कोण तयार होणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरच्याच्या ओठांवर डोळे रोखून तो बोलणं ओळखायचा, पाठीमागे कुणी उभं राहिलेलं त्याला खपायचं नाही, आणि इंजनाच्या अंगावर तळहात ठेवून ते ठीक चाललंय की नाही हे सांगायचा. या सगळ्यात माणूस किती दमतो ते मी रोज पाहत होतो. संध्याकाळी घरी निघताना त्याचे डोळे तांबडे झालेले असायचे.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला इंजन बिघडलं. सकाळी नीट सुरू व्हायचं, पण दुपारकडे मधेच ठोका चुकायचं. एक चुकला, मग बराच वेळ ठीक, मग लागोपाठ दोन-तीन. चाकाचा जोर जायचा, पट्टा सैलावायचा आणि तांदळाची नुसती कणी व्हायची. टिटवाळ्याकडून, आंबिवलीकडून भात घेऊन आलेले गाडीवाले बैल सोडून आवारात बसून राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवायचे. उंटावरचे शहाणे कल्याणात तेव्हाही कमी नव्हते.

काळुरामनं करायचं ते सगळं केलं. डोक्यातली काजळी खरवडून काढली. घासलेट धोतराच्या फडक्यातून गाळलं. पट्टा आवळला, झडपा घासल्या. ज्या दिवशी जे केलं, त्या दिवशी सकाळी वाटायचं, साधलं बुवा. दुपारी पुन्हा तेच. तळहाताला थरथर लागायची, पण जड चाक आपल्या वेगानं फिरतच राहायचं, त्यात एखादा चुकलेला ठोका हाताला कळत नव्हता. चाक मंदावल्यावर त्याला कळायचं, आणि तोवर उशीर झालेला असायचा. ठोका नेमका चुकतो कधी, हेच ज्याला समजत नाही त्यानं खोड शोधायची कशी? माझे कान शाबूत होते, पण वहीत डोकं घातलेल्या मला सगळे ठोके सारखेच वाटायचे.

शेठ एक दिवस ‘नाचता येईना अंगण वाकडं’ असं त्याच्या तोंडावर म्हणाला. वर सांगितलं की मुंबईहून एक मिस्त्री येतोय, येत्या सोमवारी. तो इंजन दुरुस्त करील आणि मग इथेच राहील. म्हणजे काळुरामला नारळ मिळणार. ओठ वाचून त्याला हे नीट कळलं. पन्नाशीला आलेला, पाठ धरलेली, मिठागरात उतरायची ताकद नाही, आणि दुसऱ्या गिरणीत गेला तर पहिल्याच दिवशी बहिरेपण उघडं पडणार. मला त्याची फार कीव आली आणि शेठचा रागही आला, पण पगार शेठचाच खायचा होता.

शनिवारी दुपारी त्याची बायको तुळसा भाकरी घेऊन आली. ही एरवी दारातूनच फडकं देऊन जायची. तिला इंजनाचं तोंड पाहायचं नव्हतं, आणि का पाहावं? गिरण यायच्या आधी तुळसा आणि गावातल्या बायका व्यापाऱ्यांचं भात कांडायच्या. एका उखळाला तीन बायका, तीन मुसळं, एकीमागून एक. एकीचा घाव चुकला तर मुसळावर मुसळ आदळायचं, नाहीतर हात फुटायचा. गिरणीनं ते काम खाल्लं. त्या दिवशी मात्र ती उंबऱ्यातच थांबली, क्षणभर ऐकत राहिली आणि आत आली. मला म्हणाली, “यो चुकतंय. यानला कलत नाय का?”

मी नाही अशी मान हलवली. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, नवऱ्याच्या पाठीमागे बसली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ठोका चुकला की ती बोटानं टोकायची. काळुराम आधी वैतागला, मग त्याला उमगलं, आणि पहिल्यांदा तो नुसता चाकाकडे न बघता सगळ्या इंजनाकडे बघायला लागला. टाकीतलं घासलेट खाली जात होतं आणि खांद्यावरचं टोकणं वाढत होतं. त्यानं डबा घेऊन टाकी काठोकाठ भरली. टोकणं थांबलं.

टाकी पुन्हा खाली जायची तो वाट पाहत बसला. मीही वही बाजूला ठेवून बसलो. मग त्यानं टाकीपासून पंपाकडे जाणारी तांब्याची नळी न्याहाळली. तिच्या मधल्या सांध्यावर सकाळी घासलेटचा ओलावा यायचा, आणि हा टापटिपीचा माणूस रोज इंजन चालू करताना तो फडक्यानं पुसून टाकायचा. टाकी भरलेली असली की सांध्यातून घासलेट पाझरायचं. टाकी उतरली की त्याच फटीतून पंप वारा ओढायचा, आणि वारा काही भडकत नाही. इतके दिवस तो खोडीची खूणच पुसत होता.

तुळसाचं बोट भराभर टोकायला लागलं तेव्हा त्यानं त्या सांध्याभोवती मूठ घट्ट आवळली. टोकणं बंद झालं. मूठ सोडली, पुन्हा सुरू झालं. पुन्हा आवळली. मग तो तसाच बसून राहिला, मूठ न सोडता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मलाही भरून आलं, ते लपवण्यात काय अर्थ आहे.

आणि शेठ दारात उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. त्यानं हाक मारली, “काळुराम.” पुन्हा मारली, अधिक मोठ्यानं. काळुराम वळला नाही. वळली ती तुळसा, आणि तिचा चेहरा उतरला.

शेठ मूर्ख नव्हता. त्यानं बाईचा हात पाहिला, खांदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. काळुराम उठून हात जोडून उभा राहिला. शेठनं विचार केला, आणि तो मनाशी काय हिशेब करतोय हे मला बाहेरून दिसत होतं. मुंबईचा मिस्त्री आला असता तर त्याला राहायला जागा लागली असती, आणि दुसऱ्या महिन्यात तो पळालाही असता. तो म्हणाला की मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवतो; काळुरामनं खुशाल राहावं, पण बाईनं रोज येऊन बसावं. बसण्याबद्दल तिला काही द्यावं, हे त्याला सुचलं नाही आणि तिलाही मागावंसं वाटलं नाही. तागाचे धागे गुंडाळून वर सफेद्याचा लेप देऊन काळुरामनं सांधा पक्का केला. इंजन सुतासारखं सरळ चालायला लागलं.

काळुराम बदलला तो त्यानंतर. ‘मला ऐकू येत नाही, समोर येऊन बोला’, असं तो गाडीवाल्यांना तोंडावर सांगायला लागला. पाठमोरा बसायला लागला. दुपारी भाकरी खाल्ली की पोत्यावर आडवा व्हायचा आणि तुळसा जागी आहे म्हणून घोरायचा. कितीतरी वर्षांचं सोंग अंगावरून उतरल्यावर माणूस इतका हलका होतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. इंजनाचं काही असलं तर लोक तुळसालाच विचारायचे. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी आम्ही तिघं इंजनाजवळ बसलो होतो. काळुराम माझ्याशेजारी तंबाखू मळत होता. तुळसा भिंतीला टेकली होती, डोळे उघडे, कान ठोक्यांवर. पहाटे उठून घरचं, मग खाडी ओलांडून इथे, मग दिवसभर हे. ती खूप वाळली होती. बरी आहेस ना, म्हणून मी विचारलं.

ती नवऱ्याकडे पाहतच बोलली, आवाज जरासुद्धा खाली न आणता. “त्याच्या डोक्यावरचा वझा माज्या डोक्यावर आला, भाऊ. झोपेत पन योच ठोका आयकू येतो. माजा जीव लय दमलाय. पन तो आता कुठं हसतो, त्याला कसा सांगू?”

ती आपल्याकडे बघून बोलतेय हे काळुरामनं पाहिलं, पण पदर तोंडाशी होता, ओठ दिसले नाहीत. तो हसला. मला कोपरानं ढोसून विचारलं, “काय बोलते रे माजी इंजनवाली?”

मी त्याच्या समोर तोंड नेऊन सावकाश म्हणालो, “म्हणते, इंजन चांगलं चाललंय.”