दुधीचा कडू रस

गेल्या पावसाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, पुंडलिकनगरमधल्या माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी दुधीचा कडू रस घेतला. मी दोन घोट घेतले. बाकीचा सगळा शेजाऱ्यांनी संपवला.

शेजारी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त एसटी कंडक्टर. मूळचे पिशोरचे, मेंढपाळाच्या घरातले. पत्नी वारलेली, मुलगा पुण्यात. माझंही घर पत्नीमागे रिकामंच. एसटीत कंडक्टरला म्हणतात तसं मी त्यांना मास्तर म्हणायचो, ते मला संपादक. मी वर्तमानपत्रात साधा उपसंपादक होतो, हे त्यांना मान्य नव्हतं. दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते बहुतेक त्यांच्याशीच.

कोलेस्टेरॉलसाठी दुधीचा रस चांगला, हे सकाळी फिरताना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून आम्ही तो रोज सकाळी माझ्याकडे घ्यायचो. एरवी दुधी बाजारातला असे. त्या दिवशीचा मास्तरांच्या गच्चीवरचा होता. गावाहून आणलेल्या शेणखताच्या पिंपात वेल आपोआप उगवला होता. त्याचं हे पहिलंच फळ.

"फार कडू आहे हो, मास्तर."

"औषध हाय ते. बासुंदी पाहिजे व्हती का संपादकांना?"

"मी ओतून देतो."

"माझ्या वेलाचं पहिलं फळ, अन् मोरीत? आणा इकडं."

अर्ध्या तासात त्यांना उलट्या सुरू झाल्या. नंतरच्या उलटीत रक्त होतं. माझ्याही पोटात कळा येत होत्या. रिक्षात ते माझ्या खांद्यावर रेलले.

"बेल मारा, संपादक. गाडी लई हलती."

रुग्णालयाच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं.

रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "चव कशी होती?"

"कडू."

"मग प्यायलात कशाला?"

दुधी, काकडी, दोडका यांच्यात कधी कधी कुकुर्बिटासिन नावाचं विष वाढतं, असं त्यांनी सांगितलं. आपोआप उगवलेल्या वेलाच्या फळात त्याची शक्यता जास्त. शिजवूनही ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही. सलाइन लावून रक्तदाब सांभाळायचा आणि वाट पाहायची. कडू लागलं की थुंकून टाकायचं, एवढाच बचाव.

"घरी कापताना तुकडा जिभेला लावून बघतात की," त्या म्हणाल्या.

बघत असतील. बायका होत्या तोवर आमच्या दोघांच्याही घरी दुधी आमच्यासमोर यायचा तो भाजी होऊन, ताटात.

मास्तरांना अतिदक्षता विभागात नेलं. रक्तदाब वर येत नव्हता. नर्सने माझं नातं विचारलं. शेजारी, म्हटलं. नातेवाइकाला बोलवा, ती म्हणाली. मी मुलाला फोन केला आणि बाहेरच्या बाकावर बसलो. मलाही सलाइन लावली, संध्याकाळी सोडलं. आत एकालाच जाऊ देत. तोवर मुलगा आला होता, तोच आत गेला.

मास्तर वाचले. घरी सोडायच्या दिवशी मुलगा म्हणाला, "काका, आता यांना एकटं नाही ठेवणार."

मास्तर चाकाच्या खुर्चीत होते. आवाज बारीक झाला होता.

"चहाच पित जा, संपादक. साखर घालून."

रुग्णालयातूनच गाडी पुण्याला गेली. सामान न्यायला मुलगा एकटा आला. पुढच्या महिन्यात त्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आले. नवराबायको दोघंही नोकरी करतात. दिवसा दाराला कुलूप असतं.