घाटंजीचा नगराध्यक्ष मी चुकून बदलला

"शनिवारच्या आत ये. मी नगराध्यक्षपदाला उभी आहे," असा वनिताचा फोन आला आणि मी नाशिकहून निघाले. ती माझी अमरावतीच्या हॉस्टेलमधली रूममेट. घाटंजीत शिवणयंत्रं दुरुस्त करते. राजकारणाचा आणि तिचा संबंध काय, हे विचारायच्या आत तिनं फोन ठेवलाही होता.

जाणाऱ्यांसाठी सांगते. रेल्वेनं धामणगावला उतरा, तिथून यवतमाळची एसटी, मग घाटंजीची. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फार चाट बसत नाही. यवतमाळच्या स्टँडवर तर्री घातलेला आलूबोंडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचा रस्ता तासाभराचा, दोन्हीकडे कापूस फुटलेला.

पोचल्या पोचल्या फजिती. बॅगेची किल्ली नाशिकलाच राहिलेली! वनितानं केसातली पिन काढली, कुलपात फिरवली, आणि माझं पाणी पिऊन व्हायच्या आत बॅग उघडी.

जेवायला तुरीच्या सोल्यांची आमटी आणि भाकरी होती. जेवता जेवता निवडणूक काय ते कळलं, म्हणजे कळल्यासारखं वाटलं. गावातल्या जुन्या दगडी वाचनालयाचं सागवानी छत खचत चाललंय. त्याच्यासाठी दरवर्षी 'मानद नगराध्यक्ष' निवडतात. मत कापसानं द्यायचं. दोन उमेदवार, दोन बोरे, म्हणजे पोती. ज्याचा बोरा जड तो जिंकला. सगळा कापूस विकून पैसे छताला. ज्याचं शेत नाही त्यानं तिथेच पन्नास रुपयांना ओंजळ विकत घ्यायची. ओला कापूस चालत नाही, वजन फुगतं.

"आणि जिंकणाऱ्याला काय?"

"फेटा. अन् वाचनालयाची किल्ली. वर्षभर रोज सकाळी सहाले दार उघडा लागते."

एवढं उघड होतं. पण शनिवारी वाचनालयासमोर गेले आणि डोकं गरगरलं. वनिता स्वतःच्याच विरोधात प्रचार करत होती. "मले नका देऊ बाप्पा, काकाजीले द्या!" तिच्यासमोर दुसरे उमेदवार भीमराव काकाजी उभे, पंचाहत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा सदरा. ते येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते. "मले नका देऊ जी. म्हातारा झालो. किती दिवस दार उघडू? वनिताले द्या."

लोक हसत होते, थोडा कापूस इकडे, थोडा तिकडे टाकत होते. मी चक्रावून काकाजींनाच विचारलं, "खरंच नको का तुम्हाला?"

"नको म्हनजे नकोच. थकलो ताई."

मला त्यांची दया आली. शिवाय मैत्रिणीसाठी एवढ्या लांबून आलेली. दहा ओंजळी घेतल्या आणि सगळ्या वनिताच्या बोऱ्यात रिकाम्या केल्या. शेजारच्या बाईचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, कौतुकानं.

दुपारी काटा लागला. वजन करणाऱ्यानं एकदा तोललं, पुन्हा तोललं. मग हळूच म्हणाला, "वनिताताई."

टाळी एकच वाजली. माझी.

"तुम्ही काहून टाकला एवढा तिकडं?" शेजारची बाई माझ्यावर उखडली.

"अहो, त्यांनीच सांगितलं!"

"ते तर दरवर्षी सांगतेत! आपल्या तोंडानं मले द्या कोन म्हनते? आमी अंदाजानं टाकतो, दोघायचा मान राहील अन् काकाजीच येतील असं. चाळीस वर्सं झाली, तेच दार उघडतेत. आता सकाळी उठून जाईन कुठं थो मानूस?"

मी शरमेनं काळीठिक्कर पडले. तिनंच पुढचं सांगितलं. काकाजींचे वडील कापूस वेचणारे मजूर. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण मुलाचा हात धरून इथे पेपर ऐकायला यायचे.

काकाजींनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. वनिता मागे सरकली. "राहू द्या ना तुमच्यापाशीच."

"नाही पोरी. काट्यावर वजन झालं म्हनजे झालं." त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि फेटाही स्वतःच तिला बांधला. नंतर त्यांचा हात दोनदा त्याच खिशाकडे गेला. मला ते बघवलं नाही.

संध्याकाळी वनिता फेट्याची घडी घालत बसली होती. मी माफी मागितली, तर म्हणाली, "तुले काय माहीत! झोप आता, सकाळी सहाले जा लागते."

सकाळी कडाक्याची थंडी. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तीन-चार मुली दाराशी उभ्या होत्या. आणि पायरीवर काकाजी बसलेले, इस्त्रीच्या सदऱ्यात. "सवयीनं आलो," एवढंच म्हणाले.

वनितानं किल्ली घातली. फिरवली, हलवली, ओढली. कुलूप ढिम्म. मी मदतीला पुढे झाले तर तिनं मला कोपरानं मागे ढकललं, चांगलं जोरात.

"काकाजी, हे मले उघडत नाही जी."

"दे इकडं. वर उचलून धरा लागते." ते उठले. कुलूप उघडलं, किल्ली रीतसर नगराध्यक्षांना परत केली. "उद्या शिकवतो तुले."

दुसऱ्या दिवशी तेच. मी निघाले त्या दिवशीही तेच.

या सहलीला तिकीट, खाणं आणि दहा ओंजळी धरून फार खर्च आला नाही. छताच्या दोन तुळया यंदा बदलतील म्हणतात. नेमकं कोणाला निवडून दिलं, हे मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. परवा फोनवर विचारलं, "शिकलीस का गं कुलूप उघडायला?"

"कुठं बाई," वनिता म्हणाली. "लय अवघड कुलूप हाये. वर्ष जाईन."

तिची ती केसातली पिन माझ्या बॅगेच्या खिशात राहून गेली आहे. तिनं अजून मागितलेली नाही.