मिठाची पुरचुंडी

गुहा कोरडी आहे की नाही हे आमच्या घरात मीठ ठरवत असे. माझा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, बेंगळूरच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा आणि रविवारी कनकपुरा रस्त्यापलीकडच्या टेकड्यांमधल्या गुहांचे. गुहा म्हणजे लेणी नव्हेत. खांब नाहीत, मूर्ती नाहीत, कुणा राजाने दान दिल्याचा लेख नाही. हत्तीएवढे धोंडे एकमेकांवर कलंडलेत आणि मधे फटी राहिल्यात, एवढंच. पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहतं. पुढे त्या वाळतात, पण सगळ्या एकदम नाही. बाहेरून खडखडीत दिसणारी गुहा आत होळीपर्यंत ओली असते. म्हणून अण्णा मूठभर खडेमीठ कापडात बांधून गुहेच्या तोंडाशी, आतल्या बाजूला ठेवायचा. आठ दिवसांनी जाऊन दाबायचं. खडे वाजले तर आत शिरायचं. पुरचुंडी चिकट लागली तर घरी परत. ही युक्ती त्याला तिथल्याच एका म्हाताऱ्या धनगराने शिकवली होती.

पुरचुंड्या मी शिवायचे. मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, आणि साडीचा काचा मारून टेपचं दुसरं टोक धरायला अण्णाला माझ्याशिवाय कुणी मिळत नव्हतं. त्या वर्षी मी कापड लाल घेतलं. अंधारात चटकन दिसावं म्हणून, आणि पोलक्याचं उरलं होतं म्हणून. पुढे जे झालं त्यात माझा वाटा एवढाच, पण तो आहे.

त्या वर्षी पाऊस दसऱ्याला गेला तो गेलाच. माघ संपत आला तरी आभाळात ढग नव्हता. नळाला दिवसाआड पाणी, गल्लीत घागरींवरून भांडणं. अण्णा मात्र मनातून खूश होता, आणि त्याची त्याला लाजही वाटायची. कारण तीन नंबरची गुहा. तिची दोन दालनं मोजून झाली होती. तिसऱ्याकडे जायला पोटावर सरपटत खाली उतरायचं एक नळकांडं होतं. त्याच्या मधल्या वाकणात पाणी साठायचं, आणि ते फक्त अशा लांबलेल्या कोरड्या दिवसांत आटायचं. दोन वर्षांपूर्वी अण्णा घाईने त्यात शिरला आणि चिखलात कोपरापर्यंत रुतला. त्याला पाय धरून ओढून काढायला मला पाऊण तास लागला होता. आता कारखान्याने त्याची कानपूरला बदली केली होती. फाल्गुनातल्या एका बुधवारी गाडी. त्याआधी तिसरं दालन पाहायचं, नाहीतर नकाशा अर्धाच राहणार.

पाच गुहांशी पाच पुरचुंड्या ठेवल्या. आठ दिवसांनी चार चिकट निघाल्या. तीन नंबरची जवळजवळ कोरडी, तळाचे चार खडे तेवढे ओलसर. अण्णाने तिथे नवं मीठ ठेवलं आणि धोंड्यावर खडूने त्रिकोण काढून मधे ठिपका दिला. मोजणीत जिथे टेप धरायची तिथे अशी खूण करतात. पुढच्या रविवारी मीठ वाजलं की उतरायचं, असं ठरलं.

फक्त दोर हवा होता. लांब, भक्कम दोर आमच्या ओळखीत एकच, मराठी मंडळाच्या नाटकाच्या पडद्याचा. आणि मंडळात सतरंजी झटकायलाही अध्यक्षांची संमती लागे.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त अधिकारी. जरीचा फेटा, चांदीच्या मुठीची काठी, दारात मोटार. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं, हे त्यांना भेटून पाच मिनिटं व्हायच्या आत कळायचं. आम्ही पोटासाठी बेळगावकडून आलेले, म्हणून आम्हाला ते जरा मोठ्याने सांगत.

"दोर मिळेल," ते म्हणाले. "पण स्थळ आधी मी पाहीन. मंडळाचा दोर कुठल्याही भोकात जाणं बरं नव्हे."

अण्णाने भाबडेपणाने त्यांना वाटेचा नकाशा काढून दिला. गुरुवारी ते सपत्नीक, मोटारीतून, फोटोग्राफरसह स्थळ पाहून आले. आम्हाला निरोप एवढाच, की रविवारी दोर जागेवर मिळेल.

रविवारी बसमधून उतरून आम्ही टेकडी चढलो, तर वर कनात लागलेली. मंडळाची चाळीसएक माणसं, खालच्या गावातली तितकीच, आणि बुंदीचा वास. दोर खरोखरच जागेवर होता. गुहेच्या तोंडाला आडवा बांधला होता, गर्दी आवरायला.

"या, मास्तरीणबाई! चपला तिकडे, चपला तिकडे," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. "देवी फार जागृत आहे हो."

दोराच्या आत माझी पुरचुंडी. तिच्यावर हळदकुंकू, फुलं, नारळाची वाटी. वरच्या त्रिकोणाला शेंदूर फासलेला.

अण्णा पुढे झाला. "साहेब, स्वल्प गैरसमज झालाय. ती पुरचुंडी माझी आहे. आत मीठ आहे."

अध्यक्ष हसले, लहान मुलाकडे बघून हसावं तसं. "मीठ ठेवायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली?"

"इथल्या धनगराने."

"आणि धनगराला?"

भोवतीच्या माना डोलल्या. मला राहवेना. "ते लाल कापड माझ्या पोलक्याचं आहे," मी म्हणाले.

"भाग्यवान आहात!" अध्यक्षांच्या पत्नींनी माझा हात हातात घेतला.

"आणि हा त्रिकोण," अध्यक्षांनी काठी उचलली, "आमच्या पूर्वजांच्या फौजेने इथे देवी स्थापिली, त्याची ही साक्ष. तीनशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन टिकलीय."

"तो खडू आहे," मी म्हणाले. "आठ दिवसांपूर्वीचा. शाळेतून मी आणलेला."

"बाईमाणसाने देवीच्या दारी वाद घालू नये." त्यांनी फोटोग्राफरला खूण केली, घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. ते पाऊण तास चाललं. तेवढ्या वेळात एक माणूस चिखलातून बाहेर निघतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गावकऱ्यांचा मला राग आला नाही. पाणी नाही, रान वाळलंय. कुणी देवी दिली तर ते का नाकारतील? राग आला तो फेट्याचा. आणि अण्णाचाही. भाषण संपल्यावर त्याने सवयीने हात जोडले होते.

दुपारी मंडळी बुंदी खाऊन मोटारीकडे उतरली. राखणीला बसवला होता तो नेमका म्हातारा धनगर. त्याने इकडेतिकडे पाहिलं, दोर सोडला आणि गुंडाळून अण्णाच्या हातात दिला. "जा आत, अण्णा," तो कानडीत म्हणाला. "मी काही पाहिलं नाही. सरी, ठीक?"

अण्णा वाकला. फुलं बाजूला सारून त्याने पुरचुंडी दाबली. ती पचकन दबली. त्याने बोट जिभेला लावलं. "गोड आहे."

"नारळाचं पाणी," धनगर म्हणाला. "गुरुवारपासून रोज फोडतायत. दूधपण घालतात."

"म्हणजे गुहा कोरडीच असणार," मी म्हणाले. "पाच महिने थेंब नाही. चल, मी दोर धरते."

"असेल," अण्णा म्हणाला. "हे ओलं नारळाने झालं की आतल्या हवेने, ते आता कसं सांगायचं? दुसरं मीठ ठेवायचं तर आठ दिवस हवेत."

"अरे, बुधवारी तुझी गाडी आहे!"

"तेच सांगतोय. ठाऊक नसताना उतरून पुन्हा रुतलो, तर या वेळी पाऊण तासात निघेनच असं नाही. तुला इथे पाय ओढत बसवायचं?"

त्याने दोर पहिल्यासारखा आडवा बांधला, गाठसुद्धा नीट मारली. बुधवारी तो गेला. जायच्या आधी त्याने नकाशा शाईने पुरा केला. दोन दालनं पक्क्या रेषेत, नळकांडं तुटक रेषेत, आणि पुढच्या कोऱ्या जागेत त्याच्या बारीक अक्षरात: "यापुढचं पाहिलेलं नाही." मंडळाने गुहेपाशी संगमरवरी पाटी बसवली. तिच्यावर फौज आहे, देवी आहे, अध्यक्षांचं नाव आहे. न पाहिलेलं असं काही तिच्यावर नाही.

पुढच्या वर्षीही माघ कोरडा गेला. अण्णाने कानपूरहून लिहिलं, की तीन नंबर तर गेली, पण चार नंबरशी मीठ ठेवून बघ. कोरडी असेल तर मी रजा काढून येतो. मी पांढऱ्या मांजरपाटात मीठ बांधलं आणि कापडावर शाईने मराठीत आणि कानडीत मोठ्या अक्षरांत 'मीठ' असं लिहिलं. आठ दिवसांनी गेले. अक्षरं वाचता येत होती. त्यांच्याभोवती कुंकवाची बोटं होती, वर एक शेवंतीचं फूल होतं, आणि नारळ फोडून झाला होता.

मी अण्णाला लिहिलं, रजा काढू नकोस.