नरहरीच्या अठ्ठेचाळीस खुर्च्या

नरहरी वैरागडेला बसलेला कोणी पाहिलेला नाही. भनपुरीच्या शेडमध्ये तो तीस वर्षं वेल्डिंग करतोय. चहा उभ्याने पितो, डबा फिरत फिरत खातो. त्याची बायको शारदा सांगते, "लग्नातही गुरुजींनी दोनदा दटावून पाटावर बसवलं याले." अशा माणसाच्या वाट्याला यंदा काय यावं? खुर्च्या. एक-दोन नाही, अठ्ठेचाळीस.

त्या आल्या थेट हिमालयातून. बर्फावर घसरायच्या खेळासाठी तिथल्या एका डोंगरावर चाळीसेक वर्षांपूर्वी चेअरलिफ्ट बसवली होती. लोखंडी दोराला टांगलेली दोघा-दोघांची खुर्ची, खाली पाय मोकळे. कारण पायांत लांबलचक पट्ट्या. वर पोचलं की उठायचं आणि घसरत निघून जायचं. पुढे घसरणारे कमी झाले आणि फोटो काढणारे वाढले. साडीतल्या मावश्या, नवी जोडपी, मांडीवर नातू घेतलेले आजोबा. त्यांचे पाय लोंबायचे, चपला दरीत पडायच्या. उन्हाळ्यात बर्फ वितळला की खालच्या कुरणात म्हणे चपलांचं पीक यायचं. शेवटी तिथल्या मालकांनी खुर्च्या सुधारायचं ठरवलं आणि ते काम फिरत फिरत नरहरीच्या मालकांच्या, सुधाकररावांच्या शेडमध्ये येऊन पडलं. खुर्ची जुनीच, तिला मांडीवर येणारा दांडा आणि पाय टेकायला पायदान, दोन्ही एकाच चौकटीत, चार ठिकाणी वेल्ड केलेलं.

नरहरीने बर्फ पाहिला होता तो गोल बाजारातल्या गोळेवाल्याकडचा. पण दोन माणसं दरीवर लोंबणार, एवढं त्याला कळत होतं, आणि तेवढ्यानेच त्याची झोप उडाली होती. तयार झालेली प्रत्येक खुर्ची तो चेनपुलीला टांगायचा, तिच्यावर दोन माणसांच्या वजनाच्या रेतीच्या गोण्या ठेवायचा. वीस मिनिटांनी चारही जोडांवर हातोडी मारून कान द्यायचा. टण् वाजलं की जोड पक्का, मग खुर्चीच्या पाठीवर लाल ठिपका. ठिपका नाही ती खुर्ची शेडबाहेर नाही.

ट्रक भरून झाला त्या दुपारी सगळे खूश होते. नरहरी मात्र ट्रकभोवती चकरा मारत होता. सातव्या चकरेला तो थांबला. रंगारी सचिन ताडपत्रीला दोर बांधत होता.

"काय बे, पूजेच्या दिवशी विश्वकर्म्याचा फोटो कोणत्या खुर्चीवर ठेवला होता?"

"क्या पता, भैया. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांत मिसळली ना."

"तिले ठिपका होता?"

"था ना! जरा पुसट झाला होता. मी पक्क्या रंगानं गिरवून टाकला."

सचिनला शाबासकी हवी होती. नरहरीने मात्र त्याच्या हातातला दोर काढून घेतला. ती खुर्ची पूजेच्या आदल्या संध्याकाळी तयार झाली होती, न तपासलेली. पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हातोडी स्वतःच झेंडूच्या फुलांखाली पडून होती. पुढून फोटो टेकवलेला असल्यामुळे पूजेला आलेल्या शारदेने कुंकू लावलं ते मागून, खुर्चीच्या पाठीला. आणि या पोट्ट्याने त्याच कुंकवावर ब्रश फिरवला होता.

"ट्रक खाली करा," नरहरी म्हणाला.

सुधाकरराव ऑफिसातून धावत आले. "काहून? अरे, साक्षात देव बसला होता तिच्यावर. आणखी कोणती टेस्ट पाहिजे तुले?"

"देवाले वजन नसते, साहेब."

ड्रायव्हर तुळशीराम अंगाने चांगला दोन गोण्यांचा. तो टायरला टेकून हसला. "हव, उतार लेव. मोर का जाही!" उतरवा म्हणे, त्याचं काय जाणार होतं?

खुर्च्या उतरू लागल्या. सगळ्यांवर सारखाच लाल ठिपका. नरहरी एकेका ठिपक्यावरून अंगठा फिरवत गेला. शारदा कुंकवावर अक्षता लावल्याशिवाय राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सत्ताविसाव्या खुर्चीला अंगठा अडला. रंगाखाली तांदळाचा दाणा.

खुर्ची टांगली, पण गोण्या कुठून आणायच्या? शेडसमोरच्या नव्या ओट्यात सगळी रेती कालच संपली होती. नरहरीने तुळशीरामकडे पाहिलं. मग सुधाकररावांच्या पोटाकडे.

"मी?"

"देव बसले होते ना? मंग तुमाले कायचं भेव?"

हातातली कामं टाकून अख्खी शेड बघत होती. आता मागे सरकायची सोय नव्हती. सुधाकरराव बसले, शेजारी तुळशीराम बसला, दांडा मांडीवर आला. चेनपुली करकरली आणि दोघं दोन फूट वर गेले.

"पाय हलवू का रे?" सुधाकररावांनी विचारलं.

"हलवा ना. मावश्या काय पुतळ्यासारख्या बसून राहणार हायेत तिथं?"

पहिली पाच मिनिटं सुधाकररावांनी दांडा सोडला नाही. मग त्यांना मजा वाटू लागली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला. "वीस मिनिटं झाली बरं का. उगाच ट्रक थांबवून राहिला तू." नरहरी त्यांच्याभोवती फिरतच होता, घड्याळ बघत, हातोडी या हातातून त्या हातात घेत. मग तो वाकला.

पहिला जोड. टण्. दुसरा, टण्. तिसराही टण्.

चौथा, ठप्.

त्याने कान जवळ नेला आणि पुन्हा हलकेच मारलं. ठप्.

"काय झालं?" सुधाकररावांचे पाय पायदानावर थिजले.

"काही नाही," म्हणत नरहरीने चेनपुलीची साखळी धरली आणि कडी-कडीने खाली सोडू लागला. "हलू नका. आधी उतरा, मंग सांगतो."