कमरेएवढं गवत

तमाम जनतेला कळवण्यात येतं की आमचं कुरण आता साऱ्या गावाच्या मालकीचं झालं आहे! शहरातला मालक ते रिसॉर्टवाल्याला विकणार होता. गावाने वर्गणी काढली आणि त्याच्याआधी विकत घेतलं. खरेदीच्या दिवशी मी स्वतः बेताल हलगी वाजवली.

काल कुरणाच्या फाटकाशी सखूआत्या उभी दिसली. खांद्यावर राखणीची काठी होती, पुढे शेळी मात्र एकही नव्हती. वर्गणी भरायला तिने चारही शेळ्या बाजारात विकल्या होत्या. पाय बिचारे सवयीने इथवर आले असावेत. गावातले कितीतरी गोठे असेच वर्गणीत रिकामे झाले.

कुरण परक्याचं होतं तेव्हा गावच्या शेळ्या-गुरांपुढे तिथल्या गवताला डोकं वर काढायची सवड नसे. आता ते आपलं आहे आणि कमरेएवढं वाढलं आहे. त्यात एकटा वारा चरतो. हवी ती वस्तू हाती येते, पण ती कशासाठी हवी होती तेच तिच्यापायी खर्ची पडतं, असं इतरांचंही होत असेल.

मन जड झालं की मला नाटकं सुचतात. कमरेत वाकून म्हटलं, "या, मालकीणबाई!"

आत्या हसली नाही. गवताकडे बघत एकदम बोलून गेली, "मालकीण झाले रं बाबा, पण चरायला आता मीच जाऊ व्हय?"