फूटपट्टी साहेबांच्या मुंग्या

डोळ्यांच्या त्या इस्पितळात कार्यालयाच्या अधीक्षकांना तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘फूटपट्टी’. आदर दोन्हींत होता, फक्त प्रमाण वेगळं. छापून आलेल्या कागदावर ते आधी फूटपट्टी ठेवत आणि मग चष्मा लावत. मजकूर चुकला तर सुधारता येतो, समास चुकला की माणसाचे संस्कार दिसतात, असं त्यांचं मत होतं. कोणी विचारायची वाट न पाहता ते तसं सांगत.

नर्सच्या ड्यूटीचा तक्ता ही त्यांची खास करामत. डावीकडे नावं, पुढे सकाळ, दुपार, रात्र, आणि त्यांच्याखाली फुल्या. कवायतीला उभ्या केल्यासारख्या, एकीच्या डोक्यावर एक. महिनाअखेरीला ते दार लोटून घेत आणि आतून बराच वेळ टकटक टकटक असा एकसुरी आवाज येई. शिपाई बाहेरच अडवायचा. “साहेब तक्ता करताहेत. हात लागला की मोडतो.” यातलं दुसरं वाक्य त्याने विनोदाने म्हटलेलं असे. ते किती खरं आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि साहेबांनाही नव्हतं.

मोफत सॉफ्टवेअरचा विषय काढला हिशेबनीस बाईंनी. बाई बोलायला मऊ, बेरजेला कडक. विश्वस्तांच्या बैठकीत त्या म्हणाल्या, “पत्रं लिहायला आणि बेरजा करायला आपण दरवर्षी कंपनीचं लायसन्स भरतो. हीच कामं करणारं दुसरं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. चोरीचं नाही, रीतसर. वाचलेल्या पैशांत बाहेरच्या बाकांना पाठी लावता येतील.”

बाहेरच्या बाकांना पाठी नव्हत्या. डोळ्यांत औषध घातलेली माणसं तिथे डोळे मिटून तासन्‌तास बसत आणि पेंग आली की अनोळखी माणसाच्या खांद्यावर कलंडत. त्यामुळे काही ओळखी झाल्या होत्या, पण ती काही इस्पितळाची योजना नव्हती.

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. “साहेब, तुम्ही यातले मास्टर. तुमचं काय म्हणणं?”

“फुकट मिळालेल्या जोड्यांनी चालता येतं,” साहेब म्हणाले. “कुठवर, एवढाच प्रश्न असतो.”

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की जिन्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. तरीही, महिनाभर वापरून पाहू असं ठरलं.

पहिल्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. साहेबांनी तक्त्याची फाइल बाईंकडे पाठवली. बाईंनी ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, छापली आणि भिंतीला लावली. एरवी साहेबांनी फूटपट्टी घेऊन भिंतीपर्यंत पाठलाग केला असता. पण ते रुसले होते, आणि रुसलेला माणूस फूटपट्टी लावत नाही. दुपारच्या फुल्या घसरून सकाळच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. सोमवारी सकाळी वॉर्डात पेशंटपेक्षा नर्स जास्त झाल्या आणि दुपारी कोणीच उगवलं नाही. डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं “सिस्टर, सिस्टर” म्हणत राहिली आणि प्रत्येक वेळी एकच सिस्टर येत राहिली. ती मोठी सिस्टर. सकाळपासून उभी होती, रात्रीची पाळी येईपर्यंत उभी राहिली. तिचे पाय सुजले.

चौकशी झाली. साहेबांनी दोन स्क्रीन शेजारीशेजारी ठेवून तीच फाइल दोन्हींवर उघडून दाखवली. विकतच्यात फुल्या कवायतीत, फुकटच्यात जत्रा. “मी काही बोलत नाही,” असं म्हणून ते बरंच बोलले. लायसन्स पुन्हा भरलं गेलं. बाकांच्या पाठी राहिल्या. हिशेबनीस बाईंना तात्पुरतं कपड्यांच्या कोठारात चादरी आणि अभ्रे सांभाळायला पाठवलं. त्या इस्पितळात तात्पुरता लावलेला बल्बसुद्धा वर्षानुवर्षं टिकत असे. आणि साहेबांना सांगण्यात आलं, की मोफत सॉफ्टवेअरचे दोष पुढल्या बैठकीत लेखी द्या, दप्तरी राहू देत.

साहेब कामात चोख. दोष लिहायचे तर पुराव्यानिशी. त्यांनी ते सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर घेतलं आणि शत्रूच्या गोटात शिरल्यासारखं एकेक बटण दाबून पाहायला सुरुवात केली. पलीकडे बायको गिऱ्हाइकाचा झगा मापात बसवण्यासाठी शिवणकामाच्या बाहुलीवर चढवून बसली होती. एका बटणावर पाठमोऱ्या बगळ्यासारखं एक चिन्ह होतं. साहेबांनी ते दाबलं.

पडद्यावर मुंग्या आल्या.

तक्ता उघडाच होता. प्रत्येक नाव आणि त्याच्या फुलीच्या मधे ठिपके, ठिपक्यांपुढे ठिपके. रिकाम्या वाटणाऱ्या जागेत मुंग्यांच्या रांगाच रांगा. साहेबांना ओळख पटायला क्षणही लागला नाही. एरवी न दिसणाऱ्या खुणा ते बटण दाखवत होतं, आणि एकेक ठिपका म्हणजे स्पेसबारचा एकेक टोला. ती टकटक त्यांचीच होती.

ते टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आलेले. तिथे जागा सोडायची तर पट्टी ठोकायची. इथेही ते तेच करत राहिले. तक्त्याला चौकट आखता येते, फुली खणात बसवता येते, हे त्यांना कोणी शिकवलं नाही. आणि विचारायचं मनात येईतो लोक त्यांनाच विचारायला लागले होते. जुन्या सॉफ्टवेअरमधलं अक्षराचं वळण, म्हणजे फॉन्ट, नव्याकडे नव्हतं, म्हणून त्याने त्यातल्या त्यात जवळचं घेतलं. अक्षरं केसभर रुंद झाली, ठिपके केसभर आखडले, आणि केसभर केसभर करत दुपार सकाळच्या रांगेत गेली. सॉफ्टवेअरने काही बिघडवलं नव्हतं. त्याने फक्त धक्का दिला होता.

खात्री म्हणून त्यांनी त्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये खणांचा तक्ता केला, फुल्या खणांत घातल्या आणि अक्षराचं वळण बदललं. पुन्हा बदललं. एकही फुली जागची हलली नाही. साहेबांना वाटलं, एखादी तरी हलायला हवी होती.

“काय झालं? असं तोंड का केलंत?” बायकोने विचारलं.

त्यांनी सांगितलं. बायकोने तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या. “म्हणजे जागा मोजून मोजून?”

“मोजून नाही गं. नजरेने.”

“अहो, मग ही कच्ची शिलाई झाली. बाहुलीच्या अंगावर झकास दिसते. बाई चालायला लागली की उसवते.”

“मी सगळ्यांसमोर सांगितलं, की सॉफ्टवेअरच वाईट आहे.”

“नाचता येईना...” ती म्हणायला लागली, आणि तिने टाचण्या परत तोंडात घातल्या. टाचण्या तोंडात असल्या की म्हण पुरी करता येत नाही. संसारात ही सोय फार उपयोगी पडते. थोड्या वेळाने ती ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली, “उद्या सांगून टाका.”

“काय सांगू?”

“मला सांगितलंत तेच.”

“तू बायको आहेस.”

“म्हणून तर सोपं गेलं.”

दुसऱ्या दिवशी साहेब खाली कोठारात गेले. खोलीला खिडकी नव्हती, आणि धुलाईच्या साबणाचा वास छतापर्यंत रचलेला होता. बाई चादरी मोजत होत्या. साहेबांना पाहून त्या उठल्याच. “या ना साहेब. तुम्ही कशाला आलात, निरोप धाडायचा.”

“नाही, म्हटलं...” साहेब म्हणाले.

“मलाच यायचं होतं तुमच्याकडे. धीर होत नव्हता. तुमचा इतका मेहनतीचा तक्ता, माझ्या हट्टापायी मातीत गेला. मोठ्या सिस्टरची माफी मागून आले. म्हटलं, तुमचे पाय माझ्यामुळे सुजले. आता तुमचीही मागते. मला त्यातलं कळत नव्हतं, उगाच तोंड घातलं.”

साहेबांनी तोंड उघडलं. आत शब्द तयार होते, रात्रभर घोकलेले. बाहेर आलं ते असं: “दोन टॉवेल मिळतील का?”

“मिळतील की. सही लागेल.”

त्यांनी सही केली. ते दोन टॉवेल घेऊन इस्पितळाच्या लांब बोळातून परत आले. वाटेत एका नर्सने विचारलं, “साहेब, कोणाचं ऑपरेशन?” ते म्हणाले, “बघू.” खोलीत आल्यावर त्यांनी टॉवेल टेबलाच्या खणात टाकले. खण उघडला की ते दिसत. मग त्यांनी खण उघडणंच सोडलं, आणि त्यातली फूटपट्टीही आतच राहिली.

बैठकीच्या दिवशी अध्यक्षांना घाई होती. “साहेबांचा अहवाल आलेलाच असेल. आभार मानून दप्तरी लावू. पुढचा विषय, वॉर्डातले पडदे.” पडद्यांसाठी मोठी सिस्टर भिंतीशी उभी होती.

“अहवाल नाही,” साहेब म्हणाले. “दाखवायचं आहे.” त्यांनी तक्ता भिंतीवरच्या पडद्यावर उघडला. विकतच्याच सॉफ्टवेअरमध्ये. पाठमोरा बगळा तिथेही होता. इतकी वर्षं तो त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. त्यांनी तो दाबला.

“हे काय? या मुंग्या कसल्या?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझ्या,” साहेब म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं, उभ्याने, पडद्याकडे पाहत, कारण दुसरीकडे पाहायला जागा नव्हती. विश्वस्तांना निम्मं कळलं. जेवढं कळलं तेवढ्यावरून अध्यक्ष गहिवरले. “असा प्रामाणिकपणा आजकाल कुठे दिसतो! अभिनंदनाचा ठराव घ्या.” लायसन्स मात्र वर्षाचं भरून झालं होतं, बाकांचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. साहेबांचे कान तापले. शिव्या पडतील अशी तयारी करून आलेल्या माणसाला टाळ्या मिळाल्या, तर त्या ठेवायच्या कुठे?

ती अडचण मोठ्या सिस्टरने सोडवली. “म्हणजे माझे पाय तुमच्यामुळे सुजले?”

“हो.”

“मग त्या बाईची माफी मी काय म्हणून ऐकून घेतली? रडत होती ती. मी वर तिला दोन शब्द सुनावले. ठराव कसले घेताय? आधी तिला वर आणा.”

“आणा, आणा,” अध्यक्ष म्हणाले. “साहेब, तुम्हीच जा.”

कोठारात बाई एकट्याच मोठी चादर घडी घालण्याच्या खटपटीत होत्या. साहेब दारातच म्हणाले, “बाई, चूक माझी होती. तक्ता मुळातच कच्चा होता. तुमचं सॉफ्टवेअर बरोबर होतं. मला हे त्या दिवशीच माहीत होतं, टॉवेल नेले त्या दिवशी. बैठकीत सांगून आलोय. तुम्हाला वर बोलावलंय.”

चादरीचा एक काठ बाईंच्या हातात होता, दुसरा जमिनीवर.

“त्या दिवशी माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “आणि मी माफी मागत होते.”

“हो.”

“आणि तुम्ही टॉवेल मागितलेत.”

बाईंनी जमिनीवरचा काठ उचलून साहेबांसमोर धरला. “टोकं धरा. एवढ्या चादरी घडी झाल्याशिवाय मी वर येणार नाही. अर्धवट टाकून जायची मला सवय नाही.”

साहेबांनी टोकं धरली. चादर ताणली गेली, मधे दुमडली, दोघं जवळ आले, पुन्हा मागे सरले. बाईंची कड बाईंच्या कडेवर बरोबर बसली.

“तुमची बाजू खाली येतेय,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी पाहिलं. येत होती.

“सोडा. परत धरा.”

त्यांनी सोडली आणि परत धरली.